सरकारी गांजाची जुनी खातेवही

२०२० च्या डिसेंबरात पणजीत एक बातमी फुटली. औषधी उपयोगासाठी गोव्यात गांजाची नियंत्रित लागवड करू द्यावी, असा प्रस्ताव सरकारदरबारी फिरत असून कायदा खात्याने त्याची छाननीही केली आहे, अशी ती बातमी. झाले! विरोधकांनी झोड उठवली, वर्तमानपत्रांना चार दिवस खाद्य मिळाले, अजून काहीच ठरलेले नाही असा खुलासा आला आणि प्रस्ताव मागे पडला. मी सरकारी कारकून माणूस. फाईल मागे पडणे म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

त्या गदारोळात दोनच सूर ऐकू येत होते. एक म्हणत होता, देवभूमी गोव्याची संस्कृती आता बुडालीच म्हणून समजा. दुसरा म्हणत होता, अहो, सगळे जग यातून पैसा करते आहे, खाणी बंद पडल्यावर तिजोरीत खडखडाट असताना आपणच सोवळे नेसून का बसावे? दोन्ही बाजू तावातावाने बोलत होत्या. पण गांजा सरकारने पिकवून घ्यायचा, गोदामात ठेवायचा, त्यावर कर बसवायचा आणि परवानाधारक दुकानांतून विकायचा, हा प्रयोग आपल्याच देशात पिढ्यानपिढ्या चालला होता, हे कुणी बोलले नाही. त्याच्या वह्या आहेत, अहवाल आहेत. गरीब देशाने गांजा कायदेशीर करून त्यावर नफा मिळवावा की नाही, हा प्रश्न विचारायचा असेल तर आधी त्या जुन्या वह्या उघडायला हव्यात.

सुरुवातीला शब्दांची थोडी साफसफाई करू. झाड एकच, त्याचे पदार्थ तीन. पाने वाटून करतात ती भांग. मादी झाडाच्या फुलोऱ्याचे राळेने चिकट झालेले तुरे म्हणजे गांजा. आणि ती राळच खरवडून, चोळून गोळा केली की झाला चरस. याच झाडाच्या सालीपासून दोर आणि कापडाचा धागा निघतो, बियांपासून तेल निघते. आपल्याकडे भांगेला 'विजया' असे भारदस्त नाव आहे आणि महाशिवरात्रीला तिला देवाच्या नैवेद्याचा मान आहे. गांजा मात्र चिलमीतून ओढणाऱ्या गोसाव्या-बैराग्यांचा आणि कष्टकऱ्यांचा. म्हणजे एकाच झाडात जातपात आधीपासूनच आहे! पुढच्या कायद्यांनीही ती जपली.

आता गोव्याकडे येऊ. पणजीच्या चर्च चौकासमोरच्या बागेला ज्याचे नाव आहे, तो गार्सिया द ओर्त हा पोर्तुगीज वैद्य. त्याचा भारतीय औषधींवरचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात भांगेवर एक स्वतंत्र संवाद आहे. गुजरातचा सुलतान बहादूरशाह मार्तिम आफोंस द सौजाला म्हणाला होता की, रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्थान, अरबस्तान कुठेही फिरून यावेसे वाटले तर आपल्याला थोडी भांग पुरते, ही गंमत ओर्तने नोंदवून ठेवली आहे. पण मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरी नोंद. त्याच्या घरचे नोकर त्याच्या नकळत भांग घेत. आणि ती घेतली की काम जड वाटत नाही, मन खूश राहते आणि भूक लागते, असे ते सांगत. सुलतान भांग घेतो ती जगप्रवासासाठी, नोकर घेतो तो अंगावरचे ओझे हलके वाटावे म्हणून.

पोर्तुगीजांनी भांगेबद्दल नाके मुरडली का? मुळीच नाही. गोव्याच्या जुन्या महसुली ठेक्यांत अफू, भांग आणि साबण यांचा एकत्र ठेका असे. ठेकेदाराने सरकारला ठरलेली रक्कम भरायची आणि मग तो माल विकण्याचा हक्क त्याचा. सतराव्या शतकात गोव्याचे असे बहुतेक ठेके हिंदू ठेकेदारांकडेच होते. एकीकडे इन्क्विझिशन आणि दुसरीकडे हे! धर्माच्या बाबतीत कठोर असलेले राज्य महसुलाच्या बाबतीत किती लवचीक होते, ते यातून दिसते. साबण आणि भांग एकाच ठेक्यात का, असा प्रश्न आज पडतो. पण राज्यकर्त्याच्या वहीत मालाची जात नसते, आकडा असतो. आपल्याकडे अजून काजूच्या बागांची पावणी होते, हुर्राक-फेणीसाठी काजूचे झोन लिलावात जातात, ती पद्धत समजणाऱ्याला हा ठेकाही लगेच समजेल.

इंग्रजांनी हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर आणि काटेकोरपणे केली. बंगालमध्ये १७९३ च्या नियमानेच मादक पदार्थांच्या विक्रीला परवाना लागू झाला. पुढे गांजाची शेती राजशाही जिल्ह्यातल्या नौगाव भोवतालच्या ठराविक गावांतच करू दिली गेली. या प्रदेशाला नावच पडले 'गांजा महाल'. आज तो बांगलादेशात आहे. मध्य प्रांतात हा मान निमाड जिल्ह्यातल्या खंडव्याला मिळाला. इंदूरकरांना खंडवा काही लांब नाही. तिथल्या सरकारी गोदामात भोवतालचा गांजा जमा होई. मुंबई इलाख्यात गांजाचे मुख्य पीक नगर जिल्ह्यात होते. म्हणजे हे सगळे कुठे दूर अफगाणिस्तानात घडत नव्हते, मराठी माणसाच्या शेतात घडत होते.

नौगावच्या शेतीची पद्धत हेमचंद्र केर यांच्या १८७७ च्या अहवालात सविस्तर आलेली आहे. रोपवाटिकेत रोपे करायची, पावसाळा ओसरताना ती शेतात लावायची, मग खरी परीक्षा. नर झाडाचे पराग मादीच्या फुलावर पडले की बी धरते आणि गांजाचा कस जातो. म्हणून नर झाडे वेळेत ओळखून उपटावी लागतात. हे काम शेतकरी स्वतः करत नसे. त्यासाठी 'पोद्दार' नावाचा जाणकार बोलावला जाई. तो ओळीओळीतून फिरून रोप पाहूनच नर कोणता ते सांगे. पीक निघाले की तुरे पायांनी तुडवून 'चपटा' गांजा करायचा, नाहीतर वळून 'गोल' गांजा. गळालेला भुगा म्हणजे 'चूर'. या प्रत्येकाचा करही वेगळा. सरकारी गोदामातून माल बाहेर काढायचा तर परवाना हवा, विकायला दुकानाचा परवाना हवा, आणि तो परवाना लिलावात घ्यायचा. आमच्या अबकारी खात्यातल्या कुणालाही हे वाचताना घरच्यासारखे वाटेल!

आता मुख्य प्रकरण. १८९३ साली ब्रिटिश पार्लमेंटात विल्यम स्प्रॉस्टन केन या खासदाराने हिंदुस्थानातल्या गांजाचा प्रश्न उपस्थित केला. केन हे दारूबंदीचे कट्टर पुरस्कर्ते आणि काँग्रेसचे मित्र. गांजाने हिंदुस्थानातील लोक वेडे होत आहेत, वेड्यांची इस्पितळे भरली आहेत आणि सरकार मात्र त्यावर पैसा मिळवते आहे, असा एकंदर आक्षेप होता. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला. मॅकवर्थ यंग अध्यक्ष, आणि सदस्यांत तीन हिंदी गृहस्थ. आयोग देशभर फिरला, ११९३ साक्षीदारांचे म्हणणे घेतले आणि १८९४ साली सात खंडांचा, तीन हजारांवर पानांचा अहवाल दिला. डॉक्टर, कलेक्टर, मिशनरी, वैद्य, व्यापारी, शेतकरी, सगळ्यांच्या साक्षी त्यात आहेत. सवडीने वाचायला घेतला तर माणूस त्यात हरवून जाईल.

त्यातले वेड्यांच्या इस्पितळांचे प्रकरण प्रत्येक कारकुनाने वाचावे असे आहे. १८९२ या वर्षी हिंदुस्थानातल्या अशा इस्पितळांत १३४४ रुग्ण दाखल झाले. त्यांतल्या २२२ जणांच्या नावापुढे कारण लिहिले होते गांजा, भांग वा चरस. आयोगाने नुसता तक्ता मान्य केला नाही. एकेका रुग्णाची कागदपत्रे काढून पाहिली, जिथे शक्य तिथे त्याच्या गावी चौकशी केली. काय निघाले? वेड्या माणसाला पोलीस पकडून आणत, त्याच्यासोबत एक छापील फॉर्म येई. फॉर्मात 'वेडाचे कारण' असा रकाना. ज्या माणसाचे गाव ठाऊक नाही, नातलग ठाऊक नाहीत, त्याच्या वेडाचे कारण पोलिसाला कुठून कळणार? पण रकाना तर भरायचा आहे! मग तो कधी चिलीम ओढायचा एवढे जरी कळले तरी लिहा 'गांजा'. इस्पितळातला माणूस तेच नोंदवहीत उतरवणार, नोंदवहीतून ते वार्षिक तक्त्यात जाणार, तक्त्यातून अहवालात, आणि अहवालातून पार्लमेंटात. छाननीनंतर २२२ चे ९८ राहिले, आणि त्यांतही केवळ या पदार्थांमुळेच वेड लागले असे मानता येईल असे रुग्ण उरले ६१.

माझी वीसेक वर्षे रकाने भरण्यात गेली. रिकामा रकाना वरच्या टेबलाला चालत नाही, चुकीचा चालतो, हे सांगायला मला आयोग नको होता. तरीही हे वाचून मी थबकलो. एका देशाचे मत, पुढे जगाचे धोरण, अशा रकान्यांवर उभे राहते. आणि उलट बाजूही सोडून चालणार नाही. ९८ म्हणजे शून्य नव्हे. अति गांजाने काहींचे डोके बिघडते हे आयोगानेही मान्य केले. आजचे वैद्यकशास्त्र तर त्याहून स्पष्ट बोलते. कोवळ्या वयात, रोज आणि तीव्र गांजा ओढणाऱ्यांत मनोविकाराचा धोका वाढतो. आणि आज जगात विकला जाणारा गांजा त्या काळच्या मानाने फार जहाल करून ठेवला आहे. तेव्हा 'झाडपाल्याने काय होते' म्हणणाऱ्यांनाही या अहवालाच्या आड लपता येणार नाही.

आयोगाचा निष्कर्ष असा: बेताने घेणाऱ्यांवर विशेष वाईट परिणाम दिसत नाही, बेसुमार घेणाऱ्यांवर दिसतो, आणि बेसुमार घेणारे थोडे आहेत. सरसकट बंदी गरजेची नाही आणि शहाणपणाचीही नाही. बंदी केली तर लोक नाराज होतील आणि याहून घातक नशांकडे वळतील. मग करावे काय? शेती ठराविक जागीच ठेवावी, माल गोदामात ठेवावा, करामुळे किंमत चढी राहील असे पाहावे, दुकाने मोजकी ठेवावीत. म्हणजेच बंगालची पद्धत सगळीकडे आणावी. आजच्या काळातल्या कुठल्याही सुधारणावादी समितीने लिहावा असा हा निष्कर्ष, आणि तो सव्वाशे वर्षांहून जुना!

गांजाच्या बाजूने बोलणारे लोक इथपर्यंत येऊन थांबतात. मात्र अहवालाच्या शेवटी आणखी काही पाने आहेत. आयोगातल्या तिघा हिंदी सदस्यांपैकी दोघांनी, ताहिरपूरचे राजा शशिशेखरेश्वर रॉय आणि मुझफ्फरनगरचे लाला निहालचंद यांनी, आपली भिन्नमते जोडली. सहकाऱ्यांचा बहुमताचा निष्कर्ष त्यांना पुरता पटला नव्हता. ज्यांच्या समाजात हा गांजा विकला जात होता त्यांच्यातल्याच दोघांना साहेबांची निश्चिंती मान्य झाली नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. कर आकारणारा आणि हा पदार्थ निरुपद्रवी आहे की नाही ते ठरवणारा एकच असेल, तर शंका येणारच. ती तेव्हा आली, आज यायला हवी.

आणि नफा? तो कुणाला झाला? सरकारला झाला, लिलावात दुकान घेणाऱ्याला झाला, दलालाला झाला. शेतकऱ्याचे हात मात्र बांधलेले. शेत कुठे करायचे ते सरकार ठरवणार, माल कुठे ठेवायचा तेही सरकार ठरवणार, आणि पेरणीसाठी उचल घेतलेला दलाल भाव पाडणार. हे बदलले १९१७ मध्ये. नौगावच्या गांजा पिकवणाऱ्यांनी सहकारी संस्था काढली. दलाल बाजूला झाले, माल संस्थेमार्फत जाऊ लागला, आणि नफ्यातून शाळा, दवाखाने, रस्ते, पूल उभे राहिले. महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखान्यांच्या कितीतरी आधी एका बंगाली गावात गांजाच्या पैशावर शाळा चालत होती! फाळणीनंतरही ही शेती तिथे परवान्याने सुरू राहिली. बांगलादेश सरकारने १९८७ मध्ये ती थांबवली. या सगळ्या इतिहासात शेतकऱ्याच्या पदरात काही पडले असेल तर ते या टप्प्यावर. ते केवळ गांजा कायदेशीर असल्यामुळे पडले नाही, कायदेशीर तर तो आधीही होता. शेतकऱ्यांच्या हाती विक्री आली म्हणून पडले.

मग हे सगळे बंद कशामुळे झाले? आपल्याला वाटते, देश सुधारला म्हणून. तसे नाही. १९२४-२५ मध्ये जिनिव्हाला अफूविषयक आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे इजिप्तचे प्रतिनिधी एल गिंडी यांनी हशीशचा विषय जोरात मांडला. त्यांच्या देशात तिचा उपद्रव मोठा होता हे खरे. हिंदुस्थान सरकारच्या प्रतिनिधींनी सांगून पाहिले की, आमच्याकडे याला धार्मिक आणि सामाजिक चालीरीतींचा आधार आहे, देशांतर्गत वापरावर बंदी आम्हाला जमणार नाही. तेव्हा निर्बंध आले ते मुख्यतः परदेश व्यापारावर. पण एकदा दार उघडले ते उघडले. १९६१ मध्ये न्यूयॉर्कला अमली पदार्थांचा एकत्रित करार झाला आणि गांजा-चरस थेट हेरॉईनच्या पंक्तीत, सर्वांत कडक यादीत जाऊन बसले. भारताने दोन सवलती पदरात पाडून घेतल्या. तुरे नसलेली नुसती पाने व्याख्येतून वगळली गेली, म्हणजे भांग वाचली. आणि गांजाचा परंपरागत वापर थांबवायला पंचवीस वर्षांची मुदत मिळाली. ती मुदत संपत येताना, १९८५ मध्ये, आपला एनडीपीएस कायदा आला.

त्याचा परिणाम आजही समोर आहे. उत्तरेत, राजस्थानात 'सरकारी भांग ठेका' अशी पाटी उजळ माथ्याने लटकते. आणि त्याच झाडाच्या तुऱ्यांसाठी २० किलोच्या वर सापडलात तर किमान दहा वर्षे सक्तमजुरी. देवळातल्या भांगेला मोकळीक, बैराग्याच्या चिलमीला तुरुंग. गोव्यात म्हापशाच्या खास न्यायालयात असले खटले चालतात. कामानिमित्त कोर्टात जाणे होते तेव्हा बाकावर बसलेली पोरे मी पाहतो. ती पार्ट्या भरवणारी नसतात, बहुधा पुडी पोचवणारी असतात. आमच्या वाड्यावरच्या एकाची सरकारी नोकरीची संधी खिशातल्या एका पुडीपायी गेली. गांजा ओढणे वाईट, हे त्याच्या आईला मान्य आहे. पण शिक्षा किती, असे ती विचारते तेव्हा मला उत्तर सुचत नाही.

बंदीचा घाव गरीब देशाला कसा बसतो, याचे सर्वांत जवळचे उदाहरण नेपाळचे. काठमांडूच्या झोंछे भागात, परदेशी लोकांच्या 'फ्रीक स्ट्रीट'वर, सरकारमान्य दुकानांतून गांजा-चरस मिळत असे. गोव्यात हणजुण्याला उतरलेले हिप्पी त्याच वाटेवरचे प्रवासी. अमेरिकेचा दबाव वाढला आणि १९७३ मध्ये नेपाळ सरकारने सगळे परवाने रद्द केले. १९७६ मध्ये कायदाही केला. दुकानदारांनी दुसरा धंदा शोधला, हिप्पी पुढच्या गावाला गेले. अडकला तो डोंगरातला शेतकरी. जिथे भात धड पिकत नाही, रस्ता नाही, तिथे डोक्यावरून वाहून नेता येईल आणि रोख पैसा देईल असे ते एक पीक होते. रोल्पा-रुकुमसारख्या ज्या भागांत पुढे माओवादी चळवळ फोफावली, तिथल्या असंतोषाच्या कारणांत या बुडालेल्या पिकाचाही वाटा होता, असे मांडणारे आहेत. तो वाटा कितीही मानला तरी, बंदी ठरवली कुणी आणि भोगली कुणी, हे तर उघड आहे. आता तोच नेपाळ २०२४ च्या अर्थसंकल्पी भाषणात औषधी गांजाच्या शेतीला वाट करून देण्याचे बोलू लागला. दबाव आणणाऱ्या अमेरिकेतल्या निम्म्याच्या आसपास राज्यांत एव्हाना गांजाची दुकाने उघडली होती! २ डिसेंबर २०२० रोजी, म्हणजे आपल्या गोव्यातल्या गदारोळाच्याच महिन्यात, संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी गांजाला त्या कडक यादीतून काढले. भारताचे मत बाजूने पडले.

मग आता आपणही सुरू करावे का? त्याआधी ज्यांनी सुरू केले त्यांच्याकडे पाहू.

लेसोथो हा दक्षिण आफ्रिकेच्या पोटातला छोटा डोंगराळ देश. २०१७ मध्ये आफ्रिकेत सर्वांत आधी त्याने औषधी लागवडीचे परवाने दिले. गांजा तिथे पिढ्यानपिढ्या चोरून पिकत होता. परंतु परवान्याची फी लाखो मालोटींच्या घरात. ज्याने आयुष्यभर हे पीक जोखमीने काढले तो बाहेरच राहिला आणि परदेशी भांडवलाच्या कंपन्या आत आल्या. जमैकाची कथा आपल्याला अधिक जवळची, कारण तिथला 'गांजा' हा शब्दच १८४५ नंतर गेलेल्या भारतीय गिरमिटिया मजुरांबरोबर पोचला. १९१३ मध्ये तिथे बंदी आली, रास्ताफारी लोकांनी तिच्यापायी मार खाल्ला. २०१५ मध्ये कायदा सैल झाला, घरटी पाच झाडे लावण्याची मुभा मिळाली. व्यापारी परवान्याच्या अटी आणि खर्च मात्र जुन्या शेतकऱ्यांना झेपेनात. थायलंडने २०२२ च्या जूनमध्ये एकदम दार उघडले. नियम नंतर करू म्हणाले. गल्लोगल्ली हजारो दुकाने झाली, आणि २०२५ च्या जूनमध्ये पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विक्री बंद असा हुकूम काढावा लागला. ज्यांनी कर्ज काढून दुकान टाकले त्यांची काय अवस्था झाली असेल?

यांत मला बरा वाटतो मोरोक्को. तिथे २०२१ मध्ये कायदा झाला, तो फक्त औषधी आणि औद्योगिक उपयोगापुरता. लागवड रिफ डोंगरातल्या ठराविक प्रांतांतच, जिथे ती परंपरेने होतीच. आणि शेतकऱ्यांनी सहकारी संस्थेतूनच यायचे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये राजाने बेकायदा लागवडीच्या खटल्यांत अडकलेल्या ४,८३१ जणांना माफी दिली. ज्या पिकातून सरकार पैसे मिळवणार, त्याच पिकासाठी शेतकऱ्याला गुन्हेगार ठेवणे बरोबर नाही, एवढी समज तिथे दिसली. त्यांना नौगाव ठाऊक असण्याचे कारण नाही, पण वाट तीच आहे.

गोव्याला या प्रश्नात फार लांब बघायची गरज नाही. खाणींचा पैसा आला तेव्हा तो मोजक्या घरांत गेला, धूळ मात्र डिचोली-सांगेच्या गावांनी खाल्ली. २०१२ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा ट्रकवाल्याचे हप्ते थकले. मांडवीतले कॅसिनो हटवण्याची भाषा प्रत्येक निवडणुकीत ऐकतो, पण त्यांच्या फीचा आकडा एकदा अर्थसंकल्पात शिरला की कुठल्याही सरकारला तो सोडवत नाही. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. अंदाजपत्रकाचे तक्ते तयार करताना गेल्या वर्षीचा आकडा समोर असतो आणि यंदाचा त्याहून मोठा दाखवायचा असतो. दारूचा आकडा वाढावा म्हणून कुणी मुद्दाम दारू पाजत नाही, पण तो घटला तर खुलासा द्यावा लागतो. गांजाच्या रकान्याचेही असेच होईल.

म्हणून माझे मत असे. गांजा कायदेशीर करण्याला माझा विरोध नाही. आपल्या देशाने तो दीर्घकाळ कायदेशीर ठेवला आणि देश बुडाला नाही. विरोध आहे तो क्रम उलटा करण्याला. पहिल्यांदा खिशात पुडी सापडलेल्या पोराची तुरुंगातून सुटका व्हावी; त्याला हवा असेल तर डॉक्टर द्यावा. मग औषधासाठी आणि धाग्यासाठी लागवडीचा विचार व्हावा. उत्तराखंडाने २०१८ पासून नशा जवळजवळ नसलेल्या भांगेच्या धाग्याला परवाना देऊन पाहिले आहे, हिमाचलने २०२५ मध्ये कृषी विद्यापीठांमार्फत प्रयोगाचा निर्णय घेतला, आणि एनडीपीएस कायद्याच्या दहाव्या कलमाने राज्यांना नियंत्रित लागवडीची मुभा दिलेलीच आहे. पण परवाना कंपनीला न देता शेतकऱ्यांच्या संस्थेला द्यावा, आणि फी इतकीच असावी की पेडण्या-सत्तरीच्या अल्पभूधारकाला ती भरता यावी. आणि त्यातून येणारा कर सर्वसाधारण तिजोरीत न मिसळता व्यसनमुक्ती आणि मानसिक आरोग्यासाठी बाजूला काढावा, म्हणजे विक्री घटली म्हणून कुणाला खुलासा द्यावा लागणार नाही.

नफ्यासाठी कायदा करायचा असेल, तर तो नफा कुणाच्या खात्यावर जाणार ते कायद्यातच लिहिलेले असावे. नौगावच्या शेतकऱ्यांना ते कळायला आणि स्वतःची संस्था काढायला १९१७ साल उजाडावे लागले. आपल्यासमोर त्यांची वही उघडी आहे. प्रस्तावाची फाईल पुन्हा कधी टेबलावर आलीच, तर टिपणी लिहिणाऱ्याने निदान ती चाळून मग पेन उचलावे.